नावामागची नावे

लग्नपत्रिकेत एखाद्या काकांचे नाव राहून गेले आणि तेवढ्यावरून दोन घरांतले येणेजाणे बंद झाले, अशी उदाहरणे आपल्या समाजात थोडीथोडकी नाहीत. नाव असणे आणि नाव राहून जाणे यांत केवढे अंतर आहे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. परंतु मौज अशी की, हीच माणसे शास्त्रीय निबंध वाचू लागली की त्याच्या शेवटी दिलेली नावांची यादी डोळ्यांआड करून खुशाल पान उलटतात. आणि तीच माणसे निबंध लिहू लागली, म्हणजे ती यादी त्यांना शेपटासारखी वाटते. असली काय आणि नसली काय, प्राणी चालतोच आहे!

कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकविण्यात माझी बरीच वर्षे गेली. या वर्षांत विद्यार्थ्यांनी मला जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला तो पानांविषयी नव्हता, फुलांविषयीही नव्हता. तो होता, "सर, संदर्भ किती पाहिजेत?" कोणते पाहिजेत असे फारसे कोणी विचारीत नसे, किती, एवढेच. जणू काही ती भाजीची जुडी आहे! या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही. ते तीनशे वर्षांच्या इतिहासात पसरलेले आहे, आणि त्या इतिहासात आपली माणसेही आहेत. दिवाळीच्या निवांतपणात तो सांगावा असे वाटले, म्हणून हा प्रपंच.

प्रारंभ सोनचाफ्यापासून करू. अंबाबाईच्या देवळाबाहेर फुलवाल्यांच्या टोपलीत हे फूल असले, की त्याची चौकशी करावी लागत नाही. वासच आपल्याला हाक मारतो. आपण त्याला सोनचाफा म्हणतो आणि पुढे जातो. शास्त्रज्ञ मात्र त्याला लॅटिन भाषेत 'मॅग्नोलिया चंपाका' म्हणतो, आणि तेवढ्यावर न थांबता पुढे लिहितो, 'कंसात एल., मग बायों एक्स पिएर'. विद्यार्थी हे शेवटचे शब्द गाळतात. पण खरी गोष्ट त्या शब्दांतच आहे.

'एल.' म्हणजे लिनियस. स्वीडनमधल्या या पंडिताने १७५३ साली 'स्पीशीज प्लँटॅरम' हा ग्रंथ छापला आणि वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ केली. आजही वनस्पतींच्या नावांचा शक तिथूनच मोजतात. त्याच्या आधीचे नाव कितीही गोड असले तरी ग्राह्य नाही. लिनियसने चाफ्याला 'मिचेलिया' कुळीत बसविले. पुढे बायों नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला वाटले, की हे झाड मॅग्नोलियाच्या कुळीतले आहे. आणि पिएरने ते नाव छापून प्रसिद्ध केले. आता नियम असा, की ज्याने मूळ नाव दिले तो कंसात राहतो. त्याचे मत पुढे बदलले गेले, तरी त्याला घराबाहेर काढायचे नाही. आणि 'एक्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ, 'त्याच्याकडून'. म्हणजे पिएर म्हणतो, छापले मी, पण कल्पना बायोंची. एका फुलाच्या नावात तीन माणसांचा प्रामाणिक हिशेब लिहून ठेवलेला आहे. आपल्याकडे सामाईक विहिरीच्या पाण्याचासुद्धा इतका चोख हिशेब क्वचितच ठेवतात!

पण तीन माणसे म्हणजे सगळी नव्हेत. लिनियस हिंदुस्थानात कधी आला नाही. मग त्याला 'चंपाका' हा शब्द कोठून मिळाला? तो मिळाला एका पुस्तकातून, आणि त्या पुस्तकाचे नाव त्याने इमानाने लिहून ठेवले. ते पुस्तक म्हणजे 'हॉर्टस मलबारिकस', अर्थात मलबारची बाग.

इ. स. १६७० च्या सुमारास कोचीला डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी म्हणून हेंड्रिक व्हान रीडे हा गृहस्थ होता. मलबारातल्या औषधी झाडपाल्याची माहिती जमवून ती चित्रांसह छापावी, असे त्याने मनात घेतले. बारा खंडांचा तो ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला निघाला. त्यात सुमारे साडेसातशे वनस्पतींची वर्णने आहेत. एका परक्या सैनिकी पेशाच्या माणसाला हे सारे कसे कळले? अर्थातच येथल्या माणसांनी सांगितले म्हणून. असे सांगणारे सर्व काळी असतात आणि बहुतेक वेळा ते पुस्तकाच्या बाहेर राहतात. रीडेने मात्र एक अपूर्व गोष्ट केली. त्याने सांगणाऱ्यांची लेखी साक्ष घेतली आणि ती त्यांच्याच लिपीत, त्यांच्याच भाषेत पहिल्या खंडात छापली.

त्यांतला एक होता इट्टी अच्युतन, ईळव समाजातला वैद्य. ज्या काळी त्या समाजाच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्या काळी त्याचे नाव युरोपातल्या पंडितांच्या टेबलावर गेले. आणि दुसरे तिघे होते रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. हे कोंकणी बोलणारे ब्राह्मण वैद्य. गोव्याहून दक्षिणेकडे गेलेली अशी अनेक कुटुंबे कोचीच्या परिसरात स्थायिक झाली होती. या तिघांनी मिळून १६७५ साली एक दाखला लिहून दिला. त्याची भाषा कोंकणी आणि लिपी नागरी. आपण दोन वर्षे सकाळसंध्याकाळ बसून झाडे, त्यांची नावे आणि गुण तपासून दिले, असा त्याचा आशय आहे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. आपल्या लिपीतली ती वळणे तांब्याच्या पत्र्यावर कोरून ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात उमटली, हे मनात आणले म्हणजे माझ्यासारख्या शिक्षकाच्या अंगावर रोमांच उभे राहतात.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. लिनियसने रीडेचा आधार घेतला आणि तो आखूड करून लिहिला, 'रीड. मल.' एवढीच अक्षरे. लिनियसच्या मागून येणाऱ्यांनी पुष्कळदा नुसते 'लि.' लिहिले. अशा रीतीने रंग भट, विनायक पंडित, आपू भट आणि इट्टी अच्युतन ही चारही माणसे दोन टप्प्यांत अदृश्य झाली. पण नाहीशी झाली नाहीत. कारण वाट शिल्लक होती. 'लि.' वरून लिनियसकडे, लिनियसवरून रीडेकडे आणि रीडेच्या पहिल्या खंडातून त्या दाखल्याकडे, अशी पावलोपावली मागे जाता येत होते. केरळातले वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल हे या वाटेने मागे गेले. आयुष्यातली कितीतरी वर्षे त्यांनी या एका ग्रंथाला दिली आणि २००३ साली त्याची इंग्रजी आवृत्ती केरळ विद्यापीठाकडून निघाली. सव्वातीनशे वर्षांनी चार माणसे पुन्हा उजेडात आली, ती केवळ कोणीतरी संदर्भ लिहून ठेवला होता म्हणून.

कोणी म्हणेल, ही पाश्चात्त्यांची शिस्त. आपल्याकडे असे काही नव्हते. हे म्हणणे खरे नव्हे. निराधार असे काहीही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा करूनच मल्लिनाथ कालिदासावर टीका लिहायला बसला. वराहमिहिराने आपल्या आधीचे पाच सिद्धांत नावानिशी सांगितले आणि कोणता अधिक बिनचूक तेही सांगितले. आपल्याकडे शिस्त होती. खंडित झाली ती वाट. पोथी एका घरात, तिच्यावरची टीका दुसऱ्या गावी, आणि दोन्हींच्या मधला धागा कोणाच्या तरी स्मरणात. ते स्मरण गेले की धागाही गेला.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची पहिली मोठी यादी जॉन ग्रॅहम याने केली. हा टपाल खात्यातला अधिकारी. त्याची यादी १८३९ साली निघाली. पण छपाई पुरी होण्याच्या आतच तो खंडाळ्याला वारला. उरलेली पाने निम्मो नावाच्या त्याच्या मित्राने पुरी केली. सह्याद्रीत पिवळ्या फुलांचे आणि काटेरी फळांचे एक झाड आहे. काही ठिकाणी त्याला जंगली भेंडी म्हणतात. जगात दुसरीकडे ते आढळत नाही. त्याच्या कुळीचे नाव निम्मोने सुचविलेले, ग्रॅहमने छापलेले. आणि जातीच्या नावात ग्रॅहमने आपल्या मित्राला बसविले आहे, 'एरिनोकार्पस निम्मोनाय'. मित्राचे देणे असेही फेडता येते.

परंतु सगळीच देणी फिटली असे मात्र नव्हे. १८६१ साली 'बॉम्बे फ्लोरा' लिहिणाऱ्या दोघांपैकी डॅल्झेल याने जुन्नरकडच्या डोंगरांतल्या एका अपूर्व झुडपाला नाव दिले, 'फ्रेरिया इंडिका'. आपल्याकडे त्याला शिंदळ माकुडी म्हणतात. फ्रेरिया हे नाव मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. गव्हर्नरसाहेबांनी तो कडा चढून ते झुडूप पाहिले असेल असे मानण्याचे कारण नाही! शिंदळ माकुडी हे नाव ज्यांनी दिले त्या डोंगरातल्या माणसांची आठवण मात्र शास्त्रीय नावात कोठेच नाही. नाव देणे हे ज्ञानाचे काम आहे तसेच ते सत्तेचेही काम आहे, एवढे त्यावरून ध्यानात ठेवावे.

या साऱ्या परंपरेत मला सर्वांत प्रिय असलेला ग्रंथ म्हणजे थिओडोर कुक यांचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे'. कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. निवृत्त होऊन ते विलायतेस गेले आणि तेथल्या क्यू येथील बागेत बसून त्यांनी हा ग्रंथ लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागांनी निघाला. १९५८ साली तो सरकारी खात्याने पुन्हा छापला. महाराष्ट्रात वनस्पती ओळखू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आजही तो येतोच.

या ग्रंथाची रीत सांगतो. प्रत्येक वनस्पतीचे वर्णन, मग आधी कोणी कोणत्या पानावर तिच्याविषयी लिहिले ते, आणि मग ती कोठे सापडली व कोणी गोळा केली ते. गोळा करणाऱ्याच्या नावापुढे पुष्कळ ठिकाणी एक उद्गारचिन्ह असते. विद्यार्थ्यांना प्रथम वाटते, ग्रंथकाराला आश्चर्य वाटले असावे! पण वनस्पतिशास्त्रात या चिन्हाचा अर्थ ठरलेला आहे. 'हा नमुना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.' जेथे पाहिला नाही तेथे चिन्ह नाही. दुसऱ्याने सांगितले म्हणून लिहिले, एवढाच त्याचा अर्थ. एका उभ्या रेघेत आणि एका ठिपक्यात केवढी सचोटी मावते, पाहा.

आणि ही उद्गारचिन्हे केवळ साहेबांच्याच नावांपुढे नाहीत. वुड्रो आहेत, स्टॉक्स आहेत, लॉ आहेत. त्याचप्रमाणे कानिटकर आहेत. आणि भिवा आहे. नुसता भिवा. आडनाव नाही, हुद्दा नाही, पदवी नाही. घाटमाथ्यावर हिंडून कोणा भिवाने एक रोप मुळासकट उपटले, कागदात दाबले, वाळविले. ते कुकसाहेबांनी पाहिले आणि लिहिले, 'भिवा!'. आडनाव घालण्याची गरज त्यांना वाटली नाही, हे त्या काळाचे रूप. पण नाव गाळावे असेही त्यांना वाटले नाही, हे त्या शिस्तीचे मोठेपण. आज तो कागद पाहणाऱ्या अभ्यासकाला भिवाचे नाव उच्चारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

हळूहळू आपली माणसे गोळा करणाऱ्यांच्या रांगेतून नाव देणाऱ्यांच्या रांगेत आली. त्यांत एक नाव आवर्जून सांगायला हवे. गोव्याचे डॉक्टर जुझे कामिलो लिस्बोआ हे मुंबईत वैद्यकी करीत आणि गवतांचा अभ्यास करीत. त्यांच्या पत्नी जुलिया याही त्याच नादाच्या. १८८९ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी सुवासिक गवतांवर निबंध लिहिला आणि त्यात एका नव्या गवताचे वर्णन केले. त्या गवताची कुळी पुढे बदलली. बदलणारी शास्त्रज्ञ पॅरिसची, एमे कामू, तीही स्त्रीच! म्हणून आज ते नाव असे लिहितात, 'बोथ्रिओक्लोआ ओडोराटा, कंसात लिस्बोआ, मग ए. कामू'. दोन देशांतल्या दोन बायका एका गवताच्या नावात शेजारीशेजारी बसल्या आहेत, आणि नुसते आडनाव वाचणाऱ्याला त्या बायका आहेत याचा पत्ताही लागत नाही. तसेच आपले भिडे. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यात असलेल्या र. कृ. भिडे यांनी गवतांचा कसून अभ्यास केला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी नाव दिलेल्या एका गवताच्या नावात आज ते कंसात आहेत. आणि १९४९ साली एका संपूर्ण कुळीलाच 'भिडिया' हे नाव मिळाले. ते सुचविले श्टाफ यांनी आणि छापले बोर यांनी. म्हणून तेथेही मधे 'एक्स' आहेच.

कोल्हापूरला वाचनाची परंपरा जुनी. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची, राजाराम कॉलेज १८८० सालचे. परंतु संशोधनाला लागणारी विद्यापीठीय व्यवस्था येथे आली ती १९६२ साली. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. गावाबाहेरच्या माळावर इमारती उभ्या राहिल्या, ग्रंथालय वाढले, आणि वनस्पतिशास्त्र विभागात वाळविलेल्या नमुन्यांचा संग्रह जमू लागला. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. जगातल्या प्रत्येक मान्य हर्बेरियमला दोनचार अक्षरांची खूण असते. कोल्हापूरची खूण 'एस यू के'. कोठल्याही देशातल्या निबंधात ही तीन अक्षरे दिसली, की समजावे, त्या विधानाचा पुरावा आमच्या कोल्हापुरात कपाटात ठेवलेला आहे आणि ज्याला शंका असेल त्याने येऊन पाहावा.

या विभागातले डॉ. श्रीरंग यादव यांचे नाव या संदर्भात घ्यावेच लागेल. सातारच्या पठारावर पावसाळी पाण्यात वाढणारा वायतुरा १९८२ साली शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला. त्याचे नाव 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस', आणि नाव देणाऱ्या तिघांत यादव आहेत. नाशिकजवळच्या अंजनेरीवरून ज्या कंदिलपुष्पाला २००६ साली नाव मिळाले, त्याच्या नावापुढेही ते आहेत. वाचकांना गंमत वाटेल, पण १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचे लक्षण लॅटिनमध्ये लिहिल्याखेरीज तिचे नाव ग्राह्य होत नसे. तेव्हा सह्याद्रीच्या सड्यावर चिखल तुडवून परत आल्यावर आमच्या मराठी माणसांना लॅटिनचीही मनधरणी करावी लागे! २००२ साली यादव आणि मिलिंद सरदेसाई यांचा 'फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट' हा ग्रंथ विद्यापीठाने प्रसिद्ध केला. ज्या वाटेवर रंग भट, ग्रॅहम, कुक आणि भिवा चालले, त्या वाटेवर राधानगरी, पन्हाळा आणि गगनबावडा ही नावे आता कोल्हापूरच्याच माणसांनी लिहिली.

हे सर्व सांगितल्यावर त्या मूळ प्रश्नाकडे यायला हरकत नाही. संदर्भ किती पाहिजेत? मी उत्तर देत असे, जितके तुम्ही पाहिले असतील तितके. निबंध तपासताना मी यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे विद्यार्थ्यालाच पेन्सिलीने कुकसाहेबांचे उद्गारचिन्ह करायला सांगे. जे पुस्तक स्वतः उघडून वाचले असेल त्याच्यापुढेच. चाळीस संदर्भांची लांबलचक यादी आणणाऱ्या एका विद्यार्थ्याची पेन्सिल सहा ठिकाणी उठली. त्याला मी रागावलो नाही. म्हटले, या सहांवरच निबंध लिही. तो निबंध उत्तम झाला.

अलीकडे ही गोष्ट अधिक निकडीची झाली आहे. पूर्वी आळशी विद्यार्थी दुसऱ्याची यादी उतरून काढी. निदान ती पुस्तके जगात कोठेतरी असत. आता संगणकाला विचारले, की तो क्षणार्धात निबंध लिहून देतो आणि मागितले तर संदर्भही देतो. लेखकाचे नाव, वर्ष, पृष्ठांक, सारे व्यवस्थित. फक्त कधीकधी तो निबंध कोणी लिहिलेलाच नसतो! दिसायला ती वाटच असते. पण चालत गेले की पुढे ना रीडे, ना भिवा, ना फूल. खोटी नाणी चालू लागली की खऱ्या नाण्यावरचाही विश्वास उडतो, हा व्यवहार आपल्याला ठाऊक आहे. ज्ञानाचा बाजार याहून वेगळा नाही.

शाहूवाडीकडची एक विद्यार्थिनी डोंगरातल्या रानभाज्यांवर निबंध लिहीत होती. तिची यादी नेटकी होती, उद्गारचिन्हेही खरी होती. पण ती घुटमळत उभी राहिली आणि म्हणाली, "सर, यांतल्या चार भाज्यांची नावे आणि त्या कशा शिजवायच्या ते कुठल्याच पुस्तकात नाही. ते मला आजीने सांगितलंय. ते कुठं लिहायचं?"

मी म्हटले, "बाई, आजीचे नाव लिही. गाव लिही. कोणत्या दिवशी सांगितले ते लिही. आणि त्या भाज्या तू स्वतः पाहिल्या असशील, तर पुढे उद्गारचिन्ह कर."

तिने लिहिले. नाव लिहिले, आडनावासकट.